सहा वायरी, तीन जोड्या आणि एक मल्टिमीटर

शिवारातला | शुक्रवार, रात्री ९:४२

मंडळी, विजेतलं मला फारसं कळत नाही. पुण्यात बसून एक्सेलच्या शीटा भरणं हा माझा धंदा. पण बाग तासगाव तालुक्यात, छाटणी होऊन पंधरा दिवस झालेले, आणि विहिरीतली साडेसात एचपीची सबमर्सिबल (पाण्यात बुडून चालणारी मोटार) मागच्या आठवड्यात जळाली. तालुक्याला नेऊन तिच्या कॉइल परत भरून आणल्या, परत विहिरीत सोडली. आता चालू केली की स्टार्टर ट्रिप होतो.

वायरमन आला, त्याने स्टार्टरमधल्या सहाच्या सहा वायरी सोडवल्या, "मोटार परत वर काढायला लागणार" म्हणाला आणि दिवाळीसाठी सासुरवाडीला गेला. सोमवारी येतो म्हणे. वायरींवर त्याने चिकटवलेल्या टेपच्या खुणा चिखलात गेल्या. मोटार वर काढायची म्हणजे चेन पुली, चार माणसं आणि अख्खा दिवस.

विहिरीतून दोन चपट्या केबली वर आल्यात. प्रत्येकीत लाल, पिवळी, निळी. म्हणजे सहा वायरी, तीन कॉइल. माझ्याकडे मल्टिमीटर आहे (पिवळा, स्वस्तातला). कुठली वायर कुठल्या वायरीची जोडीदार, हे त्याने ओळखता येतं का? कसं?

सोल्डरबाळ | शुक्रवार, रात्री ९:५८

येतं की. मीटर बझरवर ठेवा, एक टोक एका वायरीला, दुसरं उरलेल्या पाचांना एकेक करून. जिथं बीप, ती जोडी. तीन वेळा बीप, काम संपलं.

आगाऊ पाहुणा | शुक्रवार, रात्री १०:०३

लोकांच्या जोड्या स्वर्गात जुळतात, तुमच्या विहिरीत. बीप झालं की मंगलाष्टकं सुरू करा.

मेगाओहम | शुक्रवार, रात्री १०:२०

थांबा, मीटर हातात घ्यायच्या आधी तीन गोष्टी. मेन स्विच पाडा. फ्यूजच्या ग्रिपा काढून खिशात घाला, पेटीवर ठेवू नका. आणि तुमच्या पेटीत ऑटोस्विच असेल तर तो आधी बंद करा. रात्री थ्री फेज येते, ऑटोस्विच मोटार आपोआप चालू करतो, आणि तुम्ही तेव्हा वायर हातात धरून उभे असता. पेटीत पॉवर कपॅसिटर असेल तर त्याची टोकंही सोडवून डिस्चार्ज करा.

आता बीपबद्दल. बझर फक्त "रस्ता आहे" एवढंच सांगतो, मला आकडा हवा असतो. मीटर २०० ओहमवर ठेवा, आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवा. ०.२, ०.३ असं काहीतरी येईल, तो मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोध. तो लक्षात ठेवून पुढच्या प्रत्येक आकड्यातून वजा करायचा. साडेसातच्या मोटारीची एक कॉइल दोन-तीन ओहमच्या घरात असते, तिथं ०.३ ही थोडीथोडकी चूक नाही.

तिन्ही जोड्यांचे आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. एक जोडी ३.० आणि दुसरी २.२ असेल तर भरताना कुठेतरी वेढे कमी पडलेत किंवा आत शॉर्ट आहे. मग जोड्या शोधून काही उपयोग नाही.

सुगरणबाई | शुक्रवार, रात्री १०:३१

धागा शेतीचा आहे, पण घुसतेच. रंगकामवाल्यांनी आमचा छताचा पंखा उतरवला आणि कंडेन्सरच्या वायरी ओढून तोडल्या. आता पंख्यातून तीन वायरी बाहेर लोंबतायत. मीटर बझरवर लावला तर एकही बीप नाही. पंखा जळालाय का?

मेगाओहम | शुक्रवार, रात्री १०:३६

ताई, बहुतेक नाही! पंख्याची कॉइल दीडशे-तीनशे ओहमची असते. पन्नास-शंभर ओहमच्या वर बहुतेक मीटर गप्पच बसतात. बझर सोडा, मीटर २००० ओहमवर ठेवा आणि तिन्ही वायरींचे तीन आकडे इथे टाका. पुढचं सांगते.

शुद्धलेखक | शुक्रवार, रात्री १०:५०

धाग्यात "मोटार" हा शब्द तीन-चार वेळा आलाय. मोटार म्हणजे चारचाकी. पंपाला फिरवते ती "मोटर".

तारकाका | शुक्रवार, रात्री ११:०५

आमच्याकडं पंपाची पण मोटार, फटफटीची पण मोटार आन् तालुक्याला जाती ती यष्टी. विहिरीत पडलेल्या माणसाला आधी वर काढा, शुद्धलेखन नंतर.

माझा अनुभव सांगतो. चाळीस वर्षं मोटारी भरल्या. मीटर-बिटर नव्हतंच. सिरीज बोर्डाला साठचा बल्ब. एक टोक एका वायरीला, दुसरं बाकीच्यांना. बल्ब पेटला की जोडी. पाचव्या मिनिटाला काम खलास.

मेगाओहम | शुक्रवार, रात्री ११:१४

काका, तुमच्या दुकानात कोरड्या बाकावर ठीक असेल. विहिरीच्या काठावर, चिखलात उभं राहून २३० व्होल्टचं मोकळं टोक एका एक्सेलवाल्याच्या हातात? मी पॉलिटेक्निकात शिकवते, पहिल्या तासाला हेच बजावते. मीटर नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो, तोच काम करतोय तर बल्ब कशाला?

तारकाका | शुक्रवार, रात्री ११:२२

बल्ब खरं बोलतो म्हणून. मीटरला एक तार धरून असली तरी तो ओहम दाखवतो. बल्बाला पाव अँपिअर खरा लागतो बाई.

मस्कतकर | शनिवार, सकाळी ८:१०

इथे साइटवर कायम हा प्रकार बघतो म्हणून दोन पैसे माझे.

जमिनीवरच्या मोटारीला टर्मिनल बॉक्स असतो, सहा बोल्ट, तीन वर, तीन खाली. नवा पोरगा मीटर लावतो तर सगळ्याचं सगळ्याशी बीप. घाबरून येतो, "सर, मोटार शॉर्ट." बघावं तर पितळी पट्ट्या जागेवरच! डेल्टात (एका कॉइलचा शेवट दुसरीच्या सुरुवातीला, असं गोल) जोडलेली मोटार सगळीकडे बीप देणारच, आणि दोन टोकांमधला रोध एका कॉइलच्या दोन तृतीयांश दिसणार. स्टारमध्ये (तिन्ही शेवट एका गाठीत) असेल तर दुप्पट. पट्ट्या काढल्याशिवाय एका कॉइलचा खरा आकडा मिळत नाही.

दुसरी गंमत. वरच्या ओळीत यू१, व्ही१, डब्ल्यू१, म्हणजे यू, व्ही, डब्ल्यू या तीन कॉइलींच्या सुरुवाती. खालच्या ओळीत त्यांचे शेवट, पण क्रम डब्ल्यू२, यू२, व्ही२. म्हणजे समोरासमोरचे बोल्ट जोडीदार नाहीतच, जोडी तिरकी आहे. तसं केलंय म्हणूनच उभ्या तीन पट्ट्या टाकल्या की डेल्टा होतो आणि खालच्या तिघांना एक आडवी पट्टी टाकली की स्टार. अनुभवी लोकही समोरासमोर जोडी धरून चुकतात. (मीही, २००९ साली. साहेबांनी फोनवर जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही.)

सोल्डरबाळ | शनिवार, सकाळी ९:३०

माझ्याकडे छोट्या मोटारींचा हाच तमाशा. थ्रीडी प्रिंटरची स्टेपर (पावला-पावलाने फिरणारी मोटार), चार वायरी, दोन कॉइल. मागवलेल्या मोटारीच्या कनेक्टरमध्ये मधल्या दोन वायरी उलटसुलट होत्या. चालू केलं की नुसती थरथरते, घर्रर्र आवाज, एक पाऊल पुढं नाही. तीन संध्याकाळी मी प्रोग्राम दुरुस्त करत बसलो होतो.

यात मीटरसुद्धा नको. मोटार कुठेही न जोडता दांडा बोटांनी फिरवा, सहज फिरतो. मग कुठल्याही दोन वायरींची उघडी टोकं एकमेकांना टेकवून परत फिरवा. दांडा अडकत-अडकत, जड फिरला तर ती जोडी. फरक पडला नाही तर दुसरी वायर घ्या. दांडा फिरवल्याने कॉइलमध्ये वीज तयार होते, वायरी शॉर्ट असल्या की तीच वीज फिरण्याला विरोध करते. शंका असेल तर दोन वायरींना एलईडी लावून दांडा झटकन फिरवा, लुकलुकेल.

पुस्तकी किडा | शनिवार, सकाळी १०:०२

आणि पाच वायरींची छोटी निळी-पांढरी गिअरवाली? मुलीच्या शाळेच्या प्रकल्पाला आणलीय.

सोल्डरबाळ | शनिवार, सकाळी १०:१५

ती २८बीवायजे-४८. तिच्यात जोड्या नसतात, एक वायर कॉमन, म्हणजे सगळ्या कॉइलींना सामायिक, बहुतेक लाल. लाल ते कुठलीही दुसरी, साधारण ५० ओहम. लाल सोडून बाकीच्या दोनांत, साधारण १००. ज्या वायरीपासून चारही आकडे निम्मे येतात ती कॉमन. सहा वायरींच्या स्टेपरलाही हाच नियम, फक्त तिथे दोन कॉमन, प्रत्येक कॉइलच्या मध्यावर एकेक. ही मोटार गिअरची आहे, दांडा फिरवायची युक्ती तिला करू नका, प्लास्टिकचे दात जातील.

शिवारातला | शनिवार, दुपारी १:२०

आत्ता विहिरीवर बसून लिहितोय. ऑटोस्विच बंद केलाय, ग्रिपा खिशात (बसताना टोचतायत).

प्रोब टेकवून ०.३ आलं. मग जिथे बीप तिथे ३.३, ३.४, ३.३. छान. पण मेगाओहमताई, बाकीच्या वायरींमध्ये "रस्ता नाही" यायला हवं ना? मी मीटर सगळ्यात मोठ्या रेंजवर नेला तर १.४ मेगओहम, कधी २.१, सारखं बदलतंय. दोन कॉइलमध्ये पाणी शिरलंय का? जीव खालीवर होतोय.

मेगाओहम | शनिवार, दुपारी १:२८

प्रोबची धातूची टोकं दोन्ही हातांच्या चिमटीत धरून वायरीला दाबलीयत का?

शिवारातला | शनिवार, दुपारी १:३१

हो. का?

आगाऊ पाहुणा | शनिवार, दुपारी १:३३

अभिनंदन. तुमचा स्वतःचा रोध १.४ मेगओहम आहे. घाम आला की कमी होतो.

मेगाओहम | शनिवार, दुपारी १:३५

आगाऊंनी सांगितलं तेच. एक हात धातूपासून दूर ठेवा, चिमटे असतील तर उत्तमच. इन्सुलेशन मात्र मल्टिमीटरने खरं तपासता येत नाही, त्याला मेगर लागतो, ५०० व्होल्टचा. पाण्याने भरलेली मोटार आहे, आत प्लास्टिकच्या आवरणाची तार. नऊ व्होल्टला ठीक वाटणारं आवरण मोठ्या व्होल्टेजला दगा देऊ शकतं. वायंडिंग ते बॉडी एक मेगओहमच्या खाली असेल तर चालू करू नका. सोमवारी वायरमन मेगर आणणार असेल तर एकदा लावून घ्या.

शिवारातला | शनिवार, दुपारी १:५२

चिमट्यांनी परत मोजलं. बाकी सगळीकडे डावीकडं नुसता "१", म्हणजे रस्ता नाही ना? जोड्या मात्र वेगळ्याच आल्या. पहिल्या केबलला अ, दुसरीला ब म्हणतो.

अ-लाल ची जोडी ब-पिवळी.
अ-पिवळी ची जोडी ब-लाल.
अ-निळी ची जोडी ब-निळी.

मला वाटलं होतं लालला लाल, पिवळीला पिवळी. हे कसं?

मस्कतकर | शनिवार, दुपारी २:०५

विहिरीतल्या जॉइंटला. मोटारीतून निघालेल्या सहा वायरी केबलला जोडताना ब केबलमध्ये लाल-पिवळी उलट बांधली. टेप लावल्यावर वरून काही दिसत नाही.

मेगाओहम | शनिवार, दुपारी २:१०

जोड्या मिळाल्या, पण काम अर्धंच झालंय. थ्री फेजमध्ये प्रत्येक कॉइलची सुरुवात आणि शेवट कळायला हवा. एकच कॉइल उलटी बसली तर मोटार घुमत राहते, उठत नाही आणि करंट भरमसाट खेचते. सोल्डरबाळच्या स्टेपरमध्ये जोडी उलटी झाली तर फक्त दिशा बदलते, इथे तसं नाही.

ओळखायची पद्धत: एक पेन्सिल सेल घ्या. एका कॉइलच्या टोकांना क्षणभर टेकवा आणि सोडा. दुसऱ्या कॉइलवर मीटर, डीसी मिलिव्होल्टवर. काट्याचा मीटर मिळाला तर फार बरं, डिजिटल आकडा झटक्यात येऊन जातो, डोळ्याला सापडत नाही. टेकवता क्षणी काटा पुढे उडाला, तर सेलची धन बाजू ज्या टोकाला आणि मीटरचा काळा प्रोब ज्या टोकाला, ती दोन्ही टोकं एकाच जातीची, दोन्ही सुरुवात किंवा दोन्ही शेवट. सेल सोडताना काटा उलटा उडतो, त्यावर जाऊ नका.

माझे विद्यार्थी इथे हमखास चुकतात, कारण ट्रान्सफॉर्मरमध्ये हेच उलट असतं, तिथे धन आणि लाल प्रोब एका जातीचे. मोटारीत कॉइली १२० अंशांवर बसवलेल्या असतात, म्हणून एकीचं चुंबकत्व दुसरीत उलट्या बाजूने शिरतं.

शिवारातला | शनिवार, दुपारी २:४०

आजोबांचा रेडिओ दुरुस्तीचा काट्याचा मीटर माळ्यावर आहे म्हणे. आई शोधतेय.

आगाऊ पाहुणा | शनिवार, दुपारी २:४४

आई माळ्यावर, मोटार विहिरीत, वायरमन सासुरवाडीत. कुटुंब चहूकडे विखुरलं.

तारकाका | शनिवार, दुपारी ३:१५

सगळं वाचलं. एक प्रश्न कुणीच विचारला नाही. बाळ, मोटार ट्रिप होत होती ती कधी? बटण दाबल्या-दाबल्या, का थोडी चालून?

शिवारातला | शनिवार, दुपारी ३:२२

काका, थोडी चालून. आधी नीट उठायची, पाणीसुद्धा पाइपात चढायला लागायचं. मग तो "खट्ट" आवाज येतो ना, बदलाचा, तो झाला की घरघर आणि ट्रिप. तीन वेळा तसंच.

तारकाका | शनिवार, दुपारी ३:४०

मग सेल ठेव खिशात आन् आईला माळ्यावरनं खाली उतरू दे.

ऐक. पहिले काही सेकंद मोटार स्टारमध्ये असते. स्टारमध्ये कसं, अ केबलच्या तीन वायरींना तीन फेज आन् ब केबलच्या तिन्ही वायरी एकत्र बांधलेल्या. ब मध्ये लाल-पिवळी उलटी असली काय आन् सुलटी असली काय, तिन्ही एकाच गाठीत. फरक पडत न्हाई. म्हणून मोटार नीट उठली. एक जरी कॉइल उलटी असती तर स्टारमध्येच घुमली असती, पाणी चढलंच नसतं. म्हणजे अ केबलला तिन्ही सुरुवाती, ब केबलला तिन्ही शेवट, हे मोटारीनं सोताच सांगितलंय.

"खट्ट" झालं की डेल्टा. आता ब ची प्रत्येक वायर वेगळ्या फेजला जाती आन् तिथं लाल-पिवळीची अदलाबदल नडती. एका कॉइलच्या दोन्ही टोकांना एकच फेज बसला, ती मेली. उरलेल्या दोन एकाच दोन फेजांवर एकमेकींच्या उलट्या. मग घरघर न्हाई तर काय.

मोटार वर काढायची काही गरज न्हाई. स्टार्टरमध्ये अ च्या तिन्ही वायरी होत्या तिथंच. ब ची पिवळी लालच्या जागी, ब ची लाल पिवळीच्या जागी. निळी तशीच. संपलं.

मेगाओहम | शनिवार, दुपारी ३:५५

काका, _/\_. मी कागदावर काढून बघितलं, बरोबर आहे. डेल्टात स्टार्टर यू१ ला डब्ल्यू२, व्ही१ ला यू२, डब्ल्यू१ ला व्ही२ जोडतो. ब मध्ये लाल-पिवळी उलटल्यावर व्ही कॉइलला दोन्हीकडून दुसराच फेज, म्हणजे शून्य व्होल्ट. यू आणि डब्ल्यू दोन्ही पहिल्या आणि तिसऱ्या फेजमध्ये, उलट-सुलट. थोडक्यात ४१५ व्होल्टची सिंगल फेज. सेलच्या परीक्षेची या मोटारीला गरजच नव्हती. मी जोड्यांच्या मागे लागले आणि लक्षण विचारलंच नाही.

तारकाका | शनिवार, संध्याकाळी ४:१०

तुमची सेलची युक्ती खोटी न्हाई बाई. दुकानात मोटार भरून झाली की मी पण सेलच लावायचो. भरलेली मोटार सुटी असली की तेच खरं. ही पाण्यात होती आन् चालून गेली होती, म्हणून विचारलं.

सुगरणबाई | शनिवार, संध्याकाळी ५:०५

माझे आकडे विसरू नका हं. लाल-काळी ३५७. लाल-निळी १६२. काळी-निळी १९५.

मेगाओहम | शनिवार, संध्याकाळी ५:२०

ताई, १६२ आणि १९५ ची बेरीज ३५७. पंखा ठणठणीत आहे. सगळ्यात मोठा आकडा ज्या दोन वायरींत (लाल-काळी) आला, त्यात जी नाही ती कॉमन, म्हणजे निळी. कॉमनपासून कमी आकड्याची लाल ही रनिंग, जास्तीची काळी स्टार्टिंग. बहुतेक पंख्यांत असंच असतं. फ्रिजच्या कॉम्प्रेसरच्या तीन पिनाही याच हिशोबाने ओळखतात.

कंडेन्सर लाल आणि काळीच्या मध्ये. लाइनची एक वायर निळीला, दुसरी लालला. पंखा उलटा फिरला किंवा वारा लागलाच नाही तर दुसरी वायर लालवरून काळीवर न्या. काम खांबावरचं नाही, छताचं आहे, तरी मेन पाडूनच करा.

पुस्तकी किडा | शनिवार, संध्याकाळी ५:४१

सेमी ऑटोमॅटिक वॉशिंग मशिनच्या मोटारीला मी हा नियम लावला तर दोन आकडे अगदी सारखे आले, २१ आणि २१. मग रनिंग कुठली?

सोल्डरबाळ | शनिवार, संध्याकाळी ५:५०

धुण्याच्या बाजूची असेल. तिला दोन्ही कॉइल सारख्याच देतात, कारण ती एकदा इकडे एकदा तिकडे फिरते. टायमर कधी हिला रनिंग करतो कधी तिला. कॉमन कळली की पुरे. पिळायच्या बाजूची मोटार एकाच दिशेची, तिच्यात आकडे वेगळे मिळतील.

शुद्धलेखक | शनिवार, संध्याकाळी ६:१५

"स्वतः" असं लिहितात, "सोता" नव्हे. बाकी तारकाकांचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. फारच सुंदर.

शिवारातला | शनिवार, रात्री ११:४८

या आठवड्यात आमच्याकडे थ्री फेज रात्री. दहाला आली. त्याआधी काकांनी सांगितलं तसं केलं, ब ची लाल-पिवळी बदलली. थिंबल नीट दाबल्या, पान्याने आवळल्या. वडील म्हणाले वायरमन आल्याशिवाय बटण दाबायचं नाही. मी म्हणालो दाबतो. तेवढ्यात आईने दाबलं.

उठली. "खट्ट" झालं. आम्ही तिघंही श्वास धरून. अँपिअरचा काटा दणकन वर गेला आणि अकराच्या आसपास येऊन बसला. घरघर नाही. मग पाइप थरथरला आणि पाणी आलं, आधी गढूळ, मग स्वच्छ. वडील काही बोलले नाहीत, बॅटरी घेऊन बागेकडे गेले वॉल्व्ह बदलायला.

आजोबांचा मीटर सापडला बरं का. चामड्याच्या पेटीत, आतला सेल फुटून हिरवा झालेला, काटा मात्र हलतो. पुण्याला घेऊन जाणार आहे.

मस्कतकर | रविवार, सकाळी ७:३०

झकास! आता स्टार्टरच्या झाकणाच्या आत कागद चिकटवा, "ब लाल-पिवळी उलटी आहे" म्हणून. नाहीतर पुढच्या वर्षी दुसरा वायरमन रंग बघून "दुरुस्त" करेल.

शिवारातला | रविवार, सकाळी ७:५२

रात्रीच लिहिलं, मार्करने थेट पत्र्यावर. आणि सोमवारी मेगर लावायला सांगतोय.

आगाऊ पाहुणा | रविवार, सकाळी ८:०५

वायरमनला फोन केला का? बिचारा सासुरवाडीत चेन पुलीची जमवाजमव करत असेल.

शिवारातला | रविवार, सकाळी ८:२०

केला. म्हणाला, "मला वाटलंच होतं."

तारकाका | रविवार, सकाळी ८:३१

आम्ही पण तेच म्हणायचो.

सुगरणबाई | रविवार, दुपारी १२:१०

पंखा सुरू झाला! आधी उलटा फिरला. वायर लालवरून काळीवर नेली, आता मस्त वारा. नवरा विचारतोय की रेग्युलेटर तीनवर ठेवला तरी पाचचाच वेग का. नवा धागा काढू का इथेच विचारू?